व्हीसेंटरमध्ये काय घडतंय? इव्हेंट मॉनिटरिंग पहिल्यांदाच बसवणाऱ्यांसाठी

"काल रात्री अडीच वाजता डेटाबेसचं मशीन कोणी बंद केलं?" व्हर्च्युअल मशीन्स सांभाळणाऱ्या माणसाला हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातोच. उत्तर बहुतेक वेळा व्हीसेंटरच्या, म्हणजे या सगळ्या मशीन्सचा कारभार एका जागेवरून चालवणाऱ्या सर्व्हरच्या, पोटात असतं: कोणी केलं, किती वाजता, कोणत्या मशीनवर, कोणत्या लॉगिनने. पण ते मागाहून खणून काढावं लागतं, आणि खणायला उशीर झाला तर नोंद पुसलीही गेलेली असते. प्रश्न यायच्या आधी माहिती आपल्यापर्यंत पोहोचावी, आणि जी लगेच नको आहे ती कुठेतरी सुरक्षित साठून राहावी, यासाठी करायची मांडणी या लेखात पायरीपायरीने दिली आहे.

उदाहरण व्हीएमवेअरच्या व्हीसेंटर सर्व्हरचं घेतलंय, आवृत्ती ७ आणि ८. विंडोजवर बसणारा व्हीसेंटर २०२० साली आलेल्या ७.० आवृत्तीपासून बंद झाला. त्यामुळे इथं सगळं अप्लायन्सबद्दल आहे, म्हणजे फोटॉन ओएसवर चालणाऱ्या तयार व्हीएमबद्दल (व्हर्च्युअल मशीनबद्दल). मेनूंची आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. पडद्यावर ती रोमन लिपीत दिसतील आणि टाइपही तशीच करायची आहेत. छोट्या आवृत्तीबदलात एखादं बटण इकडचं तिकडे जातं, तेवढं समजून घ्या.

आधी चार शब्द सुटे करून घेऊ

नवीन माणसाची निम्मी गडबड इथेच होते. इव्हेंट, टास्क, अलार्म आणि लॉग हे चारही शब्द लोक सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात.

इव्हेंट म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीची नोंद. व्हीएम बंद झालं, कोणी लॉगिन केलं, होस्टशी, म्हणजे व्हीएम ज्यावर चालतात त्या भौतिक सर्व्हरशी, संपर्क तुटला. प्रत्येक इव्हेंटला वेळ, लक्ष्य, वापरकर्ता आणि एक टाइप आयडी असतो. हा आयडी नीट लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्याभोवती फिरणार आहे. टास्क म्हणजे कोणीतरी सांगितलेलं काम, ज्याला सुरुवात आणि शेवट असतो. एक टास्क अनेक इव्हेंट मागे सोडतं: एखादं चालू व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवलं की टास्क एकच दिसतं, पण इव्हेंट तीन-चार पडतात. ते एकाच कामाचे आहेत हे त्यांच्यातल्या समान चेन आयडीवरून कळतं.

अलार्म हा पहारेकरी आहे. अमुक इव्हेंट आला किंवा अमुक मोजमाप मर्यादेबाहेर गेलं की तो आपला रंग बदलतो, आणि सांगितलं असेल तर मेल किंवा ट्रॅप (मॉनिटरिंग यंत्रणेकडे जाणारा छोटा एसएनएमपी संदेश) पाठवतो. लॉग ही प्रोग्रामची स्वतःची वही. व्हीसेंटरच्या मुख्य सेवेचं नाव व्हीपीएक्सडी. तिच्या वहीत इव्हेंटपेक्षा कितीतरी जास्त आणि बरंच दुर्बोध लिखाण असतं.

म्हणून "सिसलॉग लावला, मॉनिटरिंग झालं" असं कोणी म्हणालं तर समजावं की निम्मंच झालंय. सिसलॉग म्हणजे लॉग दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवायची प्रमाणित पद्धत; तिने नोंदी साठतात. तुम्हाला उठवायचं काम अलार्मचं आहे.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर व्हीस्फिअर क्लायंटमध्ये (ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या व्हीसेंटरच्या पानात) डावीकडच्या झाडात सगळ्यात वरचा व्हीसेंटर निवडा, मॉनिटर टॅब उघडा, तिथे टास्क्स अँड इव्हेंट्सखाली इव्हेंट्स. कोणत्याही ओळीवर टिचकी मारली की तपशिलात इव्हेंट टाइप आयडी दिसतो. दहा मिनिटं नुसतं वाचत बसा. आपल्या यंत्रणेत रोज काय चालतं याचा अंदाज कोणत्याही मार्गदर्शकापेक्षा इथे चांगला येतो.

पायरी १: घड्याळ

कंटाळवाणी पायरी, पण आधी हीच. अप्लायन्सच्या व्यवस्थापन पानावर जा, म्हणजे व्हीसेंटरच्या पत्त्यापुढे पोर्ट ५४८० लावून. टाइम विभागात एनटीपी सर्व्हर (घड्याळ जुळवून देणारा) द्या. प्रत्येक ईएसएक्सआय होस्टलाही तोच द्या; ईएसएक्सआय म्हणजे होस्टवर चालणारी व्हीएमवेअरची प्रणाली. ईएसएक्सआय आपले लॉग नेहमी यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेत लिहितो, तर व्हीस्फिअर क्लायंट इव्हेंटची वेळ तुमच्या ब्राउझरच्या स्थानिक वेळेत दाखवतो. दोन्हीकडची घड्याळं बरोबर असली तरी आकडे वेगळे दिसतील, आणि तो बिघाड नाही. घड्याळंच मागेपुढे असली तर मात्र आधी काय झालं आणि मग काय झालं हे कधीच ठरवता येत नाही.

पायरी २: नोंदी किती दिवस ठेवायच्या

व्हीसेंटर निवडा, कॉन्फिगर टॅब, सेटिंग्जखाली जनरल, मग एडिट. डेटाबेसच्या भागात टास्क आणि इव्हेंट किती दिवस ठेवायचे ते दोन वेगळ्या खणांत दिसतं. मूळ आकडा ३० दिवस. त्याहून जुन्या नोंदी आपोआप झाडल्या जातात.

इथे हात शिवशिवतो. ऑडिटवाले वर्षभराच्या नोंदी मागतात, आणि ३० च्या जागी ३६५ लिहायला काहीच लागत नाही. मीही एकदा लिहिले. काही महिन्यांनी एका सकाळी क्लायंट उघडेचना. सीट नावाचं विभाजन भरलं होतं. स्टॅटिस्टिक्स, इव्हेंट्स, अलार्म्स आणि टास्क्स या चारांच्या आद्याक्षरांवरून ते नाव आलंय, आणि अप्लायन्समधला पोस्टग्रेस डेटाबेस या चार गोष्टी तिथे ठेवतो. जागा संपत आली की व्हीपीएक्सडी डेटाबेस वाचवण्यासाठी स्वतःच बंद होते. म्हणजे नोंदी जपण्याच्या नादात नोंदी लिहिणाराच बसला.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: इव्हेंट ३० दिवसच ठेवा, फार तर ६०, आणि तेही सीट विभाजन किती भरलंय ते पाहून. व्यवस्थापन पानावरच्या मॉनिटर विभागात डिस्क आणि डेटाबेस दोन्हींचा वापर दिसतो. दीर्घकाळ साठवायचं काम व्हीसेंटरचं नाहीच. ते पुढच्या पायरीचं.

पायरी ३: नोंदी सर्व्हरबाहेर काढा

परत ५४८० च्या पानावर, सिसलॉग विभाग, कॉन्फिगर. इथे जास्तीत जास्त तीन ठिकाणांचे पत्ते देता येतात. प्रत्येकासाठी पोर्ट आणि प्रोटोकॉल: यूडीपी, टीसीपी, टीएलएस (कूटबद्ध जोडणी) किंवा आरईएलपी. यूडीपीचं नेहमीचं पोर्ट ५१४. टीएलएससाठी प्रमाणित पोर्ट ६५१४ आहे, पण प्रत्यक्षात १५१४सुद्धा बऱ्याच ठिकाणी दिसतं. तुमचा लॉग सर्व्हर कुठे ऐकतोय ते त्याच्या बाजूने आधी पाहून घ्या.

यूडीपी लावायला सोपा, पण पाकीट वाटेत हरवलं तर कोणालाच कळत नाही. पहिल्या दिवशी चाचणीपुरता तो ठीक. कायमसाठी टीसीपी घ्या, आणि मध्ये परकं नेटवर्क असेल तर टीएलएस. टीएलएससोबत प्रमाणपत्रांची कटकट येते आणि पहिल्या प्रयत्नात जोडणी होतेच असं नाही. म्हणून मी आधी टीसीपीवर सगळं चालतंय हे बघतो, मगच टीएलएसकडे वळतो. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर अडलं कुठे ते कळतं.

तिथेच चाचणी संदेश पाठवायचं बटण आहे. ते दाबा, आणि लॉग सर्व्हरवर जाऊन संदेश खरोखर आला का ते पाहा. "पाठवला" असं हिरव्या अक्षरांत आलं म्हणजे पोहोचला असं नाही.

आता एक बारकावा. या सेटिंगमुळे अप्लायन्सचे लॉग बाहेर जातात. त्यात इव्हेंटही जावेत यासाठी आणखी एक किल्ली आहे: व्हीस्फिअर क्लायंटमध्ये व्हीसेंटर, कॉन्फिगर, अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, आणि तिथे व्हीपीएक्सडी डॉट इव्हेंट डॉट सिसलॉग डॉट एनेबल्ड. तिची किंमत ट्रू आहे ना, ते डोळ्यांनी बघा. नसेल तर करा. मग एखादं बिनकामाचं चाचणी व्हीएम चालू करून बंद करा आणि लॉग सर्व्हरवर त्याचं नाव शोधा. सापडलं तर ही पायरी संपली.

लॉग सर्व्हर कुठे ठेवायचा हाही विचार इथेच करा. तो त्याच क्लस्टरवरचं (होस्टच्या गटावरचं), त्याच डेटास्टोअरवरचं (डिस्कच्या साठ्यावरचं) व्हीएम असेल, तर स्टोरेज गेल्यावर नेमक्या त्या घटनेच्या नोंदी घ्यायला तोही शिल्लक नसतो. वेगळं भौतिक मशीन मिळालं तर उत्तम, निदान वेगळा क्लस्टर.

पायरी ४: होस्ट वेगळे असतात

व्हीसेंटरचा सिसलॉग लावला म्हणजे होस्टचा लागला असं नाही. प्रत्येक ईएसएक्सआय होस्टला स्वतंत्रपणे सांगावं लागतं: होस्ट निवडा, कॉन्फिगर, सिस्टिमखाली अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज, आणि सिसलॉग डॉट ग्लोबल डॉट लॉगहोस्ट. यात पत्ता प्रोटोकॉलसकट लिहायचा. आधी टीसीपी किंवा यूडीपी, मग अपूर्णविरामासकट दोन तिरक्या रेघा, मग सर्व्हरचं नाव, पुन्हा अपूर्णविराम आणि पोर्ट. कूटबद्ध जोडणीसाठी मात्र इथे टीएलएस नव्हे, एसएसएल असं लिहितात. एकापेक्षा जास्त ठिकाणं स्वल्पविरामाने जोडता येतात.

एवढं करून काहीच येत नसेल तर दहातल्या नऊ वेळा होस्टचा फायरवॉल आडवा आलेला असतो. होस्टच्या फायरवॉल पानावर बाहेर जाणाऱ्या नियमांत सिसलॉग नावाचा नियम असतो, तो चालू करा. तो ५१४ आणि १५१४ एवढीच पोर्ट उघडतो. लॉग सर्व्हर भलत्याच पोर्टवर ऐकत असेल तर हा नियम पुरणार नाही, म्हणून शक्यतो याच दोनांत राहा.

होस्टचे लॉग बाहेर काढण्याचं आणखी एक कारण आहे. यूएसबी किंवा एसडी कार्डवरून चालणाऱ्या होस्टला कायमची लॉग जागा नेमून दिलेली नसेल, तर लॉग मेमरीत राहतात आणि होस्ट परत चालू झाला की गायब होतात. जांभळा पडदा (ईएसएक्सआय कोलमडल्यावर दिसणारा) येऊन होस्ट पडला, परत उठला, आणि का पडला याचा मागमूस नाही, ही परिस्थिती फार लोकांनी पाहिलेली आहे.

होस्ट मोजकेच असतील तर हाताने करा. पंचवीस-तीस असतील तर पॉवरसीएलआयची (व्हीएमवेअरच्या कमांड-साधनाची) छोटी स्क्रिप्ट किंवा होस्ट प्रोफाइल (अनेक होस्टना लावता येणारा सेटिंगचा साचा). हाताने केलं की एखादा होस्ट राहतोच, आणि गोंधळही नेमका त्याच होस्टवर होतो.

पायरी ५: मेलची सोय

व्हीसेंटर, कॉन्फिगर, जनरल, एडिट, मेल. दोनच खण: मेल सर्व्हर आणि पाठवणाऱ्याचा पत्ता. पोर्ट साधारणपणे २५. मेल सर्व्हर व्हीसेंटरच्या आयपीकडून आलेला मेल पुढे पाठवायला तयार आहे का, हे मेलवाल्यांना आधीच विचारून ठेवा. अलार्मचे मेल न येण्याचं हे सगळ्यात सामान्य कारण आहे. आणि मेल सर्व्हरही याच क्लस्टरवर चालत असेल तर मघाशी लॉग सर्व्हरबद्दल जे म्हटलं तेच इथे लागू.

एसएनएमपी ट्रॅप घेणारी यंत्रणा आधीपासून असेल तर त्याच एडिट खिडकीत एसएनएमपी रिसीव्हर्स आहे. चार ठिकाणं देता येतात, पोर्ट १६२. कम्युनिटी स्ट्रिंग (ट्रॅपसोबत जाणारा सांकेतिक शब्द) पब्लिक असते ती तशीच सोडू नका.

पायरी ६: पहिला अलार्म, शेवटापासून सुरुवातीकडे

अलार्म बसवायची माझी पद्धत थोडी उलटी आहे. बहुतेक लोक यादीतून इव्हेंट निवडतात आणि तो कधीतरी येईल याची वाट पाहतात. मी आधी इव्हेंट घडवतो, त्याचा आयडी तिथून उचलतो, मग अलार्म लिहितो, मग तोच इव्हेंट पुन्हा घडवतो. नावावरून अंदाज करून निवडलेला इव्हेंट बऱ्याचदा भलताच निघतो, म्हणून हा खटाटोप.

सरावासाठी एसएसएच (दुरून कमांडने लॉगिन करायची सेवा) हा उत्तम विषय. होस्टवर एसएसएच चालू होणं ही सुरक्षेच्या दृष्टीने कळायला हवी अशी गोष्ट आहे, आणि चाचणी होस्टवर ती घडवली तर कोणाचं काही बिघडत नाही.

चाचणी होस्ट निवडा, कॉन्फिगर, सर्व्हिसेस, एसएसएच, स्टार्ट. मग त्याच होस्टच्या मॉनिटर टॅबमध्ये इव्हेंट्स उघडा. एसएसएच चालू केल्याची नोंद दिसेल, आयडी ईएसएक्स डॉट ऑडिट डॉट एसएसएच डॉट एनेबल्ड. तो कॉपी करा. आता सेवा बंद करा आणि बंद झाल्याचा आयडीही पाहा. शेवटी एनेबल्डच्या जागी डिसेबल्ड असतो.

मग झाडाच्या माथ्यावरचा व्हीसेंटर निवडा. अलार्म जिथे लिहाल तिथून खालच्या सगळ्यांना लागू होतो, आणि नंतर बदलायचा तर फक्त तिथेच बदलता येतो. खालच्या फोल्डरवर लिहिलेला अलार्म सहा महिन्यांनी शोधताना नाकी नऊ येतात, म्हणून नवख्यांनी माथ्यावरच लिहावा. कॉन्फिगर टॅबमध्ये अलार्म डेफिनिशन्स, अ‍ॅड.

पहिल्या पानावर नाव आणि टार्गेट टाइप. नाव असं द्या की मेलचा विषय वाचूनच काय करायचं ते कळेल. "टेस्ट अलार्म २" असल्या नावाचा रात्री तीन वाजता काही उपयोग नसतो. टार्गेट टाइप होस्ट्स. इथे चुकून व्हर्च्युअल मशीन्स राहिलं तर अलार्म कधीच वाजणार नाही, आणि चूक कुठे आहे हे कोणी सांगणारही नाही.

दुसऱ्या पानावर नियम. अटीच्या खणात मघाचा आयडी चिकटवा. तीव्रता वॉर्निंग की क्रिटिकल ते ठरवा; मी इथे वॉर्निंग देतो. खाली मेल पाठवायचा स्विच चालू करा आणि पत्ता लिहा. पत्ता गटाचा द्या, एका माणसाचा नको. माणसं रजेवर जातात, नोकऱ्या बदलतात, आणि अलार्म बापडा जुन्याच पत्त्यावर ओरडत राहतो.

तिसऱ्या पानावर रीसेट नियम: एसएसएच बंद झाल्याचा आयडी आला की स्थिती परत नॉर्मल. हे पान लोक सोडून देतात. त्याचा परिणाम असा की इव्हेंटवर चालणारा अलार्म एकदा पिवळा झाला की पिवळाच राहतो. आणि मेल जातो तो स्थिती बदलताना. त्यामुळे पुढच्या आठवड्यात कोणी पुन्हा एसएसएच उघडलं तरी अलार्म आधीच पिवळा असल्याने नवीन मेल येत नाही. ज्या इव्हेंटला उलटा जोडीदार नाही, तिथे कोणीतरी हाताने रीसेट टू ग्रीन करावं लागतं. शेजारचं अ‍ॅक्नॉलेज बटण वेगळं आहे: त्याने "मी पाहिलं" एवढीच नोंद होते आणि वारंवार जाणारे मेल थांबतात, रंग बदलत नाही.

जतन करा, एसएसएच पुन्हा चालू करा, मेल आला का पाहा, बंद करा, अलार्म शांत झाला का पाहा. चारही गोष्टी झाल्या तर तुमचा पहिला अलार्म तयार. मेल आला नाही पण क्लायंटमध्ये अलार्म दिसला, तर दोष मेलच्या वाटेत आहे. अलार्मही दिसला नाही, तर टार्गेट टाइप किंवा आयडी चुकलाय.

कशाकशावर पहारा ठेवायचा

व्हीसेंटर येताना बरेच अलार्म सोबत घेऊन येतो: होस्टशी संपर्क तुटणं, डेटास्टोअर भरणं (७५ टक्क्यांना पिवळा, ८५ ला लाल), नेटवर्कची जोड तुटणं, प्रमाणपत्राची मुदत संपणं. फक्त त्यांना मेल पाठवायला सांगितलेलं नसतं. म्हणून नवीन लिहायच्या आधी हे वाचून काढा आणि तुम्हाला लागतील त्यांना मेल जोडा. नव्वद टक्के गरज तिथेच भागते.

माझ्या यादीत यांना हमखास मेल असतो: होस्टचा संपर्क तुटणं, स्टोरेजकडे जाणारे मार्ग तुटणं, अपलिंकची (होस्टमधून बाहेर जाणाऱ्या नेटवर्क जोडांची) जोडी फुटून एकच उरणं, एचएने (होस्ट पडल्यावर व्हीएम दुसऱ्या होस्टवर सुरू करणाऱ्या सोयीने) व्हीएम दुसरीकडे उठवणं किंवा उठवता न येणं, आणि प्रमाणपत्र. अपलिंकवाला विशेष, कारण एक केबल गेली तरी काम चालू राहतं आणि कोणालाच कळत नाही. दुसरी जाते तेव्हा सगळ्यांना कळतं.

स्वतः लिहिण्यासारखे दोन-तीनच. एक वरचा एसएसएचचा. दुसरा परवानग्या बदलल्याचा: एखाद्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर केलं गेलं, तर त्याची नोंद होते आणि ती कळायला हवी. तिसरा लोक विसरतात: होस्टला लॉग सर्व्हर सापडेनासा झाला की तो स्वतः एक इव्हेंट देतो, ज्याच्या आयडीत व्हीएमसिसलॉगडी आणि रिमोट डॉट फेल्युअर असे शब्द असतात. लॉग सर्व्हर दुरुस्तीसाठी बंद केल्यावर जुन्या आवृत्तीचे काही होस्ट तो परत आल्यावरही लॉग पाठवायला सुरुवात करत नाहीत. होस्टवर सिसलॉग सेवा रीलोड करावी लागते. हा अलार्म नसेल तर तुम्हाला ते ऑडिटच्या दिवशी कळतं.

व्हीएम चालू-बंद होणं, स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपलेली स्थिती), डीआरएसने (होस्टवरचा भार वाटून देणाऱ्या सोयीने) केलेल्या हलवाहलवी यांना मेल लावू नका. बॅकअप रोज रात्री प्रत्येक व्हीएमचा स्नॅपशॉट घेतो आणि काढतो. सकाळी शेकडो मेल दिसले की माणूस त्यांच्यासाठी नियम करून सगळे एका फोल्डरात ढकलतो, आणि होस्ट पडल्याचा मेलही त्याच फोल्डरात जाऊन पडतो. हे इव्हेंट लॉग सर्व्हरवर आहेतच. सुरुवातीचा अडीच वाजताचा प्रश्न आला की तिथे शोधा.

होस्टची दुरुस्ती काढली असेल तेव्हा त्या होस्टवर उजवी टिचकी, अलार्म्स, डिसेबल अलार्म अ‍ॅक्शन्स. अलार्म दिसत राहतो, मेल थांबतो. काम संपलं की परत चालू करायला विसरू नका. दुरुस्तीच्या कागदावर शेवटची ओळ म्हणून लिहून ठेवा.

बाहेरचं मॉनिटरिंग साधन जोडायचं असेल तर

झॅबिक्ससारखी साधनं व्हीसेंटरच्या एपीआयमधून (दुसऱ्या प्रोग्रामांसाठी ठेवलेल्या दारातून) इव्हेंट ओढून घेतात. त्यासाठी वेगळं खातं करा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड कधीही देऊ नका. झाडाच्या माथ्यावर त्या खात्याला रीड-ओन्ली रोल द्या आणि खालपर्यंत पसरवण्याची खूण करा. ती राहिली तर साधन जोडलं जातं, पण त्याला जवळजवळ काहीच दिसत नाही.

खातं व्हीस्फिअर डॉट लोकल या अंतर्गत डोमेनमध्ये केलं असेल तर मूळ धोरणाप्रमाणे त्याचा पासवर्ड ९० दिवसांनी संपतो. एक्क्याण्णवाव्या दिवशी मॉनिटरिंग मुकाट बंद पडतं. पासवर्ड बदलताना आधी साधन थांबवा, मग बदला, मग साधनात नवा भरा. क्रम उलटा झाला तर साधन जुन्या पासवर्डने धडका देत राहतं: १८० सेकंदांच्या आत पाच चुका झाल्या की खातं ३०० सेकंदांसाठी कुलूपबंद होतं, उघडतं, परत कुलूपबंद होतं, आणि तुम्ही नवा पासवर्ड चुकला की काय म्हणून डोकं धरून बसता.

आणखी एक गंमत. काही साधनं दर मिनिटाला लॉगिन करतात आणि लॉगआउट करतात. दोन्ही इव्हेंटच. दिवसाला १,४४० लॉगिन आणि तितकेच लॉगआउट नोंदले जातात, आणि इव्हेंटच्या पानावर मॉनिटरिंगचीच वर्दळ दिसू लागते. एकदा मिळवलेलं सेशन टिकवून वापरायची सोय साधनात असेल तर ती चालू करा; नसेल तर विचारण्याचं अंतर वाढवा. या खात्याच्या लॉगिननोंदी लॉग सर्व्हरवर गाळायला हरकत नाही, पण चुकलेल्या लॉगिनच्या गाळू नका.

व्हीसेंटरच गप्प झाला तर

व्हीसेंटर बंद पडला तरी व्हीएम चालू राहतात. एचएसुद्धा काम करत राहतो, कारण त्याचे एजंट होस्टवरच असतात. बंद पडतात ते अलार्म आणि मेल. इनबॉक्स शांत, सगळे खूश, आणि आत काय चाललंय ते कोणालाच माहीत नाही.

म्हणून त्याच्यावर बाहेरून नजर ठेवणारं काहीतरी हवं. कोणत्याही वेगळ्या मशीनवरून दर काही मिनिटांनी पोर्ट ४४३ वर उत्तर येतं का ते पाहणारी छोटी तपासणी पुरते. तिच्या जोडीला लॉग सर्व्हरवर उलटा नियम लावा: व्हीसेंटरकडून पंधरा मिनिटं एकही ओळ आली नाही तर कळव. पहिली तपासणी मशीन जिवंत आहे का ते सांगते, दुसरी ते बोलतंय का ते. सिसलॉगची वाट मध्येच कुठे बंद झाली तर दुसरीलाच कळतं.

व्हीसेंटरची नवी आवृत्ती चढवली, मेल सर्व्हर बदलला किंवा नवे होस्ट आले की चाचणी होस्टवर एसएसएच चालू-बंद करून पाहा. दोन मिनिटांत अलार्म, मेल आणि लॉग सर्व्हर तिन्ही तपासून होतात. नवा होस्ट जोडताना लॉगहोस्टची सेटिंग आणि फायरवॉलचा नियम या दोन गोष्टी जोडणीच्या यादीत लिहून ठेवा. विसरायच्या त्या याच असतात.